फळी वाकडी दिसते

९ जानेवारी

भिंगरे,

तुला आशीर्वाद. वखारवाल्याला काय शिक्षा द्यायची ते तूच सुचव.

इतकी वर्षं त्याच्याकडून लाकूड घेतोय, कधी एका शब्दाचा वाद नाही. आता उतारवयात त्याला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, वाकड्या फळ्या माझ्या गळ्यात मारतो. बेकरीवाल्याच्या मागच्या दाराची चौकट करायला घेतली होती. फळी उचलली, नेहमीसारखा डावा डोळा मिटून कडेवर नजर लावली, तर मधोमध चांगला ठसठशीत बाक. दुसरी घेतली, तिलाही तिथेच. रंधा मारमारून सरळ केल्या, चौकट बसवली, दार लावलं, तर मध्ये एवढी फट की मांजर आत जाऊन फिरून बाहेर येईल. बेकरीवाला हल्ली पूर्वीसारखा हसत नाही. उरलेल्या फळ्या मी हातगाडीवर घालून वखारीत परत पाठवल्या आणि निरोप दिला की असला माल चुलीत घाल.

हे फोनवरही सांगितलं असतं. पण कटरच्या आवाजाने माझे कान गेले ते गेलेच. फोनवर तू पिंपात बसून बोलतेयस असं वाटतं. तू विचारतेस जेवलास का, मी सांगतो मंगळवारी. त्यापेक्षा पत्र बरं, दोनदा वाचता येतं.

तुझा फोटो मिळाला. काढला कोणी? इमारत छान आलीय, बाजूचं झाड तर पानन् पान आलंय, आणि तुझ्या चेहऱ्याच्या जागी नुसता मळका ठसा. ज्याने काढला त्याला सांग, माणसाचा फोटो काढताना माणसाकडे बघावं. दुसरा पाठव.

आणि ते उंदीर झाले का म्हातारे? मला लोक विचारतात, भाची एवढी शिकली, करते काय? मी सांगतो, उंदीर म्हातारे व्हायची वाट बघत बसलीय. लोक विषय बदलतात. तीन वर्षं झाली तुला इथून जाऊन. तुझी आई गेली तेव्हा एवढीशी होतीस, एका जागी ठरायची नाहीस म्हणून भिंगरी म्हणायला लागलो. आता ठरलीस ती अशी ठरलीस की हलायचं नाव नाही. उंदरांना माझा निरोप सांग, जरा घाई करा म्हणावं.

तुझा मामा

---

२७ जानेवारी

मामा,

नमस्कार. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मांजर आत जाऊन फिरून बाहेर येतं तिथे सगळे इतके हसले की आमचे सर काय झालं बघायला आले. मग त्यांनाही परत वाचून दाखवावं लागलं. तू इथे न येता सगळ्यांचा मामा झाला आहेस. पण वखारवाल्याशी भांडू नकोस रे. लहानपणी मला लाकडाच्या ढिगावर बसवून शेंगदाणे देणारा तोच एक होता. तू द्यायचास ते खिळे मोजायला.

उंदीर अजून पुरते म्हातारे झाले नाहीत. एप्रिलच्या शेवटी दोन वर्षांचे होतील. उंदरासाठी ते आजोबापण. तोवर मला हलता येत नाही, कारण त्यांना माझ्या हाताची सवय आहे. नवा हात लागला की ते घाबरतात, आणि घाबरलेल्या उंदरावरून काढलेला निष्कर्ष कोणी मानत नाही.

तू मागे विचारलं होतंस की नेमकं काय शोधतेस. सोपं करून सांगते. शरीरातल्या काही पेशी एका टप्प्यावर येऊन थांबतात. त्यांच्यापासून नव्या पेशी होत नाहीत, आणि त्या मरतही नाहीत. नुसत्या बसून राहतात आणि शेजारच्या पेशींना त्रास होईल असं काहीबाही सोडत राहतात. तरुणपणी शरीर त्यांना शोधून काढून टाकतं. वय झालं की ते काम ढिलं पडतं आणि त्यांची गर्दी वाढते. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली एक पातळ थर असतो. पडद्याला खाऊपिऊ घालायचं आणि त्याचा कचरा काढायचा, हे त्याचं काम. आमचा संशय असा की या थरात अशा म्हाताऱ्या पेशी साचल्या की कचरा तुंबतो, आणि पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो नि चेहरे ओळखतो, तो हळूहळू जातो. आम्ही उंदरांना त्या पेशी काढून टाकणारं औषध देतोय. उपयोग होतो का ते एप्रिलनंतर कळेल.

दुसरा फोटो पाठवतेय. यात इमारत नाही, झाड नाही, फक्त मी आहे. आता तरी तक्रार करू नकोस.

इथली खोली चांगली आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. पण काल समोरच्या घरात कोणीतरी लाकूड कापत होतं, ओल्या भुशाचा वास वर आला, आणि मी हातातलं काम टाकून खिडकीत उभी राहिले. घर फार आठवलं. मे महिन्यात येते, नक्की.

तुझी
भिंगरी

---

१६ फेब्रुवारी

भिंगरे,

म्हाताऱ्या पेशींबद्दल वाचलं. काम करत नाहीत, मरत नाहीत, बसल्या जागेवरून शेजाऱ्यांना त्रास देतात. हे तू पेशींबद्दल लिहिलंस की माझ्याबद्दल, असं वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई विचारत होत्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून पोरांच्या ऐवजी मला सुधारायला घेतलंय. मी लग्न केलं नाही, त्यामुळे मला ऐकायची सवय नाही, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

वखारवाला स्वतः दुकानात आला होता. परत पाठवलेल्या फळ्या बरोबर घेऊन. माझ्याच बाकड्यावर फळी ठेवली, खिशातून दोरी काढली, दोन्ही टोकांना ताणून धरली आणि म्हणाला, बघ कुठे आहे बाक. मी बघितलं. म्हटलं, तुझी दोरीही वाकडीच आहे. त्याने दोरी गुंडाळून खिशात टाकली. मग म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." माझ्या दुकानात, माझ्या बाकड्यापाशी उभा राहून. मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. ताणलेली दोरी कधी वाकडी असते का, हे तो गेल्यावर माझ्या डोक्यात आलं. पण तोवर बोलून बसलो होतो, आणि बोललेलं मागे घ्यायचं तर मग माझं नाव काय राहिलं.

फोटोचं मात्र तुझ्या त्या दोस्ताला सांगून काही उपयोग दिसत नाही. याही फोटोत कान आहेत, केस आहेत, खांदे आहेत, मधे नुसता धूर. मी बोटाने पुसून पाहिलं, मग ओल्या फडक्याने पुसलं. आता कोपरा फुगलाय, मला रागावू नकोस. पुढच्या वेळी दुकानात जाऊन काढ, जरा खर्च झाला तरी चालेल. तुझा चेहरा बघावासा वाटतो गं. माणूस म्हातारा झाला की असं होतं, हसू नकोस.

डाव्या हाताच्या बोटाला पटाशी लागली, थोडंसंच. उगाच काळजी करायची नाही.

मामा

---

२४ फेब्रुवारी

मामा,

तुला फोन केला तर तू "हो, हो, मे महिन्यात ये" म्हणून ठेवून दिलास. म्हणून मास्तरीणबाईंना फोन केला. त्या उद्या सकाळी तुला डोळ्यांच्या दवाखान्यात नेणार आहेत. तू कटकट करणार हे त्यांना माहीत आहे. करू नकोस.

फळ्या सरळ आहेत, मामा. दोरी सरळ आहे. माझा फोटोही चांगला आहे. तुझ्या डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटून पाझरत असाव्यात, आणि त्या ओलाव्याने पडदा मधे फुगतो. मग सरळ रेघ वाकडी दिसते आणि बघशील त्याच्या मधोमध धूर दिसतो. याच आजारावर मी तीन वर्षं काम करतेय. आणि तुझं पहिलं पत्र मी या आजारावर काम करणाऱ्या आठ माणसांना वाचून दाखवलं. आठही जण हसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. आम्ही उंदरांचे डोळे कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. फळी वाकडी दिसते असं उंदीर कधी सांगत नाही. सांगणारा माणूस मी ऐकलाच नव्हता.

यात उशीर चालत नाही म्हणून इतकं लिहितेय. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन द्यायचं म्हणतील. ऐकायला भयंकर वाटतं, पण आधी बधिर करतात. घे. वेळेवर घेतलं तर आहे ती नजर टिकते. एक डोळा पुरता झाकून खिडकीच्या गजांकडे बघ, मग दुसरा झाकून बघ, आणि काय दिसलं ते डॉक्टरांना खरं सांग. वखारवाल्याला सांगितलंस तसं नाही.

भिंगरी

---

१२ मार्च

चि. भिंगरी,

हे पत्र मी सांगतोय आणि मास्तरीणबाई लिहितायत. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे म्हणून, दुसरं कारण नाही.

गेलो दवाखान्यात. तू म्हणालीस तेच निघालं. उजवा डोळा पाझरतोय. आणि गंमत बघ, डावा तर त्याच्याही आधीपासून मधे विरत आलाय, न पाझरता, अगदी गुपचूप. डॉक्टर म्हणाले, तुमच्या लक्षात कसं आलं नाही. मी म्हटलं, साहेब, सुतार फळीला एकच डोळा लावतो. दुसरा जन्मभर मिटलेला, त्याची चौकशी कोण करणार? उजव्या डोळ्यात इंजेक्शन घेतलं. जन्मभर डोळ्यात तेल घालून काम केलं, आता डॉक्टर सुई घालतो. फार दुखलं नाही. दर महिन्याला जायचंय. बाकी सगळं ठीक आहे.

(भिंगरी, हा मजकूर माझा, त्यांना वाचून दाखवणार नाही. बाकी काही ठीक नाही. उजव्या डोळ्यात मधे व्रण धरला आहे, गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी दुकान बंद केलं आहे. हत्यारं तेल लावून कापडात बांधून ठेवली. मला जिन्यात आवाज दिल्याशिवाय ओळखत नाहीत. तुझा फोटो मात्र सारखा जवळ असतो. तुला कळायला हवं म्हणून लिहिते.)

आता एक विचारायचंय. तुझं ते औषध, म्हाताऱ्या पेशी काढून टाकणारं. उंदरांना देतेस तर मलाही दे की थोडं. उंदरांसाठी एवढं करणारी भाची मामासाठी एक बाटली आणणार नाही का? चुकून काही झालं तरी मी तक्रार करणार नाही, कागदावर लिहून देतो. मला काही घड्याळातले काटे जोडायचे नाहीत. तुझं तोंड एकदा नीट बघितलं की पुरे, मग डोळे काय करायचं ते करू देत.

मामा

(त्यांनी शेवटचं वाक्य दोनदा बदललं. आधी म्हणाले "लिहू नका", मग म्हणाले "लिहा".)

---

२५ मार्च

मामा,

औषध मी आणू शकत नाही. असं सरळ लिहायला तीन दिवस लागले.

ऐक, कारण तुला खोटी आशा दाखवायची नाही. ते उंदरांचं आहे. उंदराच्या पडद्याला मधला तो खास भाग नसतोच, जो तुझ्या डोळ्यात बिघडला. म्हाताऱ्या पेशी आणि हा आजार यांचं नातं आहे हे आता बऱ्यापैकी दिसतंय. पण त्या काढल्या की माणसाची नजर वाचते का, हे कोणालाही ठाऊक नाही. काही ठिकाणी त्या पेशी जखम भरायला मदतही करतात म्हणे. तुझ्या आहे त्या नजरेचं यात वाटोळं झालं तर मी काय करू? आणि खरं सांगायचं तर सगळं नीट जमून आलं तरी माणसांपर्यंत यायला इतकी वर्षं लागतील की मीच म्हातारी होईन. तुझ्यापर्यंत ते पोचणार नाही, मामा. मी हे काम सुरू केलं तेव्हा कधी तुझा विचार करून केलं नव्हतं. आता दुसरा विचारच येत नाही.

मी आत्ता यावं का? सरांना विचारलं. ते म्हणाले, जा, पण शेवटचा महिना दुसऱ्याच्या हाती गेला तर तुझे उंदीर मोजणीत धरता येतीलच असं नाही. दोन वर्षांचं काम आहे. मला ठरवता येत नाही. तू नुसतं ये म्हण, मी निघते. तुला थोडंफार दिसत असेल आणि महिनाभर थांबवत असेल, तर काम पुरं करून मे महिन्यात येते. खरं काय ते कळव. तुझ्या शब्दावर ठरवणार आहे.

सोबत फोटो आहे, नवा, खूप मोठा करून घेतलाय. माझ्या हातात आहे तो आमचा सगळ्यात म्हातारा उंदीर. स्वभाव तुझ्यासारखाच, खायला दिलं तरी कुरकुर.

भिंगरी

---

५ एप्रिल

भिंगरे,

बघ, हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहितोय. मास्तरीणबाई लेकीकडे गेल्यात, आणि आता मला त्यांची गरजही नाही. पातळ फळीला आडव्या खाचा पाडून कागदावर ठेवतो आणि खाचेत लिहितो, त्यामुळे ओळी सरळ येतात. सुतार आहे म्हटलं. सुंभ जळेल, पीळ नाही जाणार.

इंजेक्शनने फारच फरक पडला. डॉक्टर थक्क झाले. वखारवाल्याकडे जाऊन आलो, त्याला म्हटलं, तुझी दोरी सरळ होती. त्याने माझ्यासाठी खुर्ची आणली, आणि नंतर घरापर्यंत सोडायलाही आला, उगाच, मला काही गरज नव्हती. एक स्टूल करायला घेतलंय.

तुझा फोटो मिळाला. अगदी स्वच्छ दिसला. किती छान हसतेस गं त्यात. अगदी माझी बहीण. तीही अशीच ओठ थोडे मुडपून हसायची. मी फोटो समोर ठेवून पोटभर बघून घेतलं, आता काही राहिलं नाही. तेव्हा तू मुळीच घाई करू नकोस. दोन वर्षं उंदीर सांभाळलेस, आता महिन्यासाठी घाण करायची नाही. काम सोडून आलीस तर मी दार उघडणार नाही.

मी मजेत आहे. मे महिन्यात ये, नाहीतर जूनमध्ये ये.

मामा

---

११ एप्रिल

मामा,

त्या फोटोत माझ्या तोंडावर मास्क आहे. नाकापासून हनुवटीपर्यंत. उंदरांच्या खोलीत तो काढता येत नाही.

परवा निघतेय. दार उघड.

भिंगरी

---

२ मे

मामा,

नीट पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईंनी सारखं काहीतरी खायला दिलं, त्यामुळे रडायला सवड मिळाली नाही.

इथे आल्याआल्या उंदरांकडे गेले. माझ्या मागे सहकारी मुलीने त्यांना खूप जपलं, पण एका गटाचे आकडे धरता येणार नाहीत, सरांनी सांगितलं तसंच. दुसरा गट वाचला. ज्यांना औषध दिलं त्यांच्यात तो खालचा थर कमी खराब झालेला दिसतोय. नरांमध्ये जास्त, माद्यांमध्ये जेमतेम, आणि असं का ते कोणालाच कळत नाही. म्हणजे अर्धं काम उरलं आणि त्यातून अर्धं उत्तर आलं. सर रागावले नाहीत. मलाही वाईट वाटत नाही, हे बघून मीच चकित झालेय.

पण एक मनात आहे ते लिहूनच टाकते. दोन आठवडे तू माझ्यासमोर बसत होतास, माझ्याकडे सरळ बघून बोलत होतास, आणि तुझी नजर माझ्या चेहऱ्यावर कुठेच थांबत नव्हती. मी रोज विचारायचे, दिसतेय का रे? तू रोज म्हणायचास, थोडी थोडी. शेवटच्या दिवशी विचारायचं मी टाळलं. आणि बस निघायच्या वेळी मी खिडकीत बसले, तू खाली मास्तरीणबाईंबरोबर उभा होतास, आणि बस हलली तसं तू तोंड फिरवलंस. सरळ दुसरीकडे, चहाच्या टपरीकडे. वळणापर्यंत मी बघत होते. तू एकदाही माझ्याकडे वळला नाहीस. मी मात्र शेवटपर्यंत हसत हात हलवत होते.

मी गेले याचा राग आला का? की उशिरा आले याचा? काय असेल ते सांग. मी यायला हवं होतं जानेवारीत, पहिल्याच पत्रावर, हे मला रोज वाटतं. तू ओरडलास तर बरंच वाटेल. पण तोंड फिरवू नकोस, मामा. ते सहन होत नाही.

भिंगरी

---

१४ मे

भिंगरे,

मास्तरीणबाई लिहितायत. त्यांना बजावलंय, कंसात काही घालायचं नाही. हे पत्र माझं आहे.

राग कसला येतोय वेडे. जानेवारीत तू आली असतीस तरी मी तुला वखारवाल्याविरुद्ध साक्ष द्यायला लावलं असतं, डोळे दाखवायला आलो नसतो. तेव्हा ते डोक्यातून काढ.

आता नीट ऐक. दवाखान्यात एक मुलगी आहे, नजर गेलेल्या लोकांना शिकवते. तिने मार्चमध्येच मला सांगितलं होतं, काका, तुमचा मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत. जे बघायचं त्याच्याकडे बघू नका, थोडं बाजूला बघा, मग ते दिसेल. मी म्हटलं, समोरच्या माणसाकडे न बघता बोलतो तो लबाड, असं आमच्या वडिलांनी शिकवलंय. मी नाही केलं. तू आलीस, दोन आठवडे होतीस, आणि मी हट्टाने तुझ्याकडे सरळ बघत राहिलो. वाटायचं, मी दुसरीकडे बघितलं तर तुला वाटेल मामाला आपलं काही नाही. आणि सरळ बघायचो तिथे धूर. तू समोर बसलेली, तुझा आवाज, तुझा हात माझ्या हातात, आणि तोंडाच्या जागी धूर. काय झालं असेल माझं, तूच विचार कर. रोज "थोडी थोडी" म्हणायचो, ते खोटं होतं. काही दिसत नव्हतं.

बसपाशीही तेच. खिडकी दिसली, गज दिसले, कंडक्टरचा हात दिसला. तू नाहीस. बस सुरू झाल्याचं कळलं आणि मला असह्य झालं. मी स्वतःवरच चिडून मान फिरवली, बाईंना म्हणायला की चला, संपलं. आणि टपरीकडे बघतोय तोच तू आलीस. डोळ्याच्या कोपऱ्यात, खिडकीत, अख्खी. मी जागचा हललो नाही. मान जरा जरी वळवली असती तर गेली असतीस. बाई म्हणत होत्या, अहो, तिच्याकडे बघा तरी, पोरगी जातेय. मी त्यांना म्हटलं, गप्प बसा. त्याबद्दल नंतर माफी मागितली. त्या आता लिहिता लिहिता मान डोलावतायत.

तू लिहितेस, शेवटपर्यंत हसत हात हलवत होतीस. हात हलवत नव्हतीस. कपाळ गजांना टेकवलं होतंस आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतंस. बाईंनी सांगितलं म्हणशील, तर त्या तेव्हा पिशवीत रुमाल शोधत होत्या. मीच बघितलं. वळणापर्यंत बघितलं.

पुढच्या वेळी आलीस की मी भिंतीकडे तोंड करून बसेन. तू माझ्या उजव्या हाताला खुर्ची घेऊन बस, आणि बोलत राहा.

मामा